सी++१७ लावताच 'बायनरी_फंक्शन' सापडत नाही: माझा अनुभव

लक्षण: सी++१४ मध्ये बिनतक्रार चालणारा कोड सी++१७ (भाषेची नवी मानक आवृत्ती) लावताच लिबसी++ १५ वर (क्लँग कंपायलरसोबतची मानक लायब्ररी) अडतो, 'एसटीडी::बायनरी_फंक्शन' नाही म्हणतो. हा दोन आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शन-ऑब्जेक्टांचा जुना बेस स्ट्रक्ट. जीसीसी हा दुसरा कंपायलर फार तर इशारा देतो, म्हणून दोष उशिरा कळतो. 'फंक्शनल' हेडर जोडून उपयोग नाही, मानकातूनच ते काढलंय. वैताग येतो खरा.

आधी वापर बदला: बाइंड२एनडीच्या (दुसरं आर्ग्युमेंट पक्कं करणारं जुनं साधन) जागी लॅम्डा, म्हणजे जागेवरच लिहिलेलं निनावी फंक्शन; नॉट२च्या (उत्तर उलटं करणारं जुनं साधन) जागी नॉट_एफएन. मगच आपल्या स्ट्रक्टने बायनरी_फंक्शनकडून घेतलेला वारसा काढा. उलट क्रमाने गेलात तर नॉट२ला 'फर्स्ट_आर्ग्युमेंट_टाइप' मिळत नाही आणि टेम्प्लेटच्या पोटातल्या एररची रांग लागते. जुनी लायब्ररी 'फर्स्ट_आर्ग्युमेंट_टाइप' हे नाव मागतच असेल, तर 'सेकंड_आर्ग्युमेंट_टाइप' आणि 'रिझल्ट_टाइप'सह तिन्ही 'यूझिंग'ने स्ट्रक्टमध्ये लिहा. स्ट्रक्टचा ऑपरेटर() कॉन्स्टच (ऑब्जेक्ट न बदलणारा) हवा, नाहीतर सेट-मॅपच्या तुलनेत गाडी पुन्हा अडते.