राजा मानसिंग वाचायचाय? हल्दीघाटीपासून सुरुवात करू नका

बहुतेक जण आमेरच्या राजा मानसिंगाला हल्दीघाटीत शोधतात आणि तिथंच थांबतात, मग हातात उरतो फक्त राणा प्रतापांविरुद्ध लढलेला अकबराचा एक सेनापती. त्यापेक्षा आधी नकाशा उघडा. आमेर, मग मेवाड, १५८५ नंतर काबूल, पुढे बिहार, ओडिशा, बंगाल, आणि १६१४ मध्ये शेवट थेट वऱ्हाडात, एलिचपूरला म्हणजे आजच्या अचलपूरला. सगळे टप्पे पेननं जोडा, अकबराचा अर्धा कारभार दिसेल.

मग नातीगोती लिहून काढा, हे अजिबात स्किप करू नका. १५६२ मध्ये आत्याचं लग्न अकबराशी झालं, पुढे बहीण मानबाई अकबराच्या मुलाला, सलीमला म्हणजे पुढच्या जहांगीरला दिली, म्हणजे त्यांचा मुलगा खुसरो हा मानसिंगाचा भाचा. जहांगीरला याच्यावर भरवसा का नव्हता ते इथंच कळतं, कारण मामाला भाचा गादीवर हवा होता.

मनसबीचा, म्हणजे मुघल दरबारातल्या हुद्द्याचा आकडाही बघा. ७,००० ची मनसब म्हणजे जवळपास शहजाद्यांच्या रांगेत बसणं.

आता हल्दीघाटी, १५७६. अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायुनी स्वतः रणांगणात होता, त्यामुळे त्याचं वर्णन वाचाच, पण तो धर्माच्या चष्म्यातून बघतो हे डोक्यात ठेवून. लढाईनंतर मानसिंगानं मेवाडात लूट करू दिली नाही आणि अकबर काही काळ नाराज होता, ही गोष्ट मला लढाईपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटते.

वृंदावनचं लाल दगडाचं गोविंददेव मंदिर, १५९० चं, तेही यानंच बांधलं. जमलं तर प्रत्यक्ष बघा.