मरीन टँकचं सॅलिनिटी मीटर घरच्या घरी कसं तपासावं

नागपूरहून समुद्र कुठल्याच बाजूनं जवळ नाही. इथला मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी, आरओच्या पाण्यावर आणि पाकिटातल्या सागरी मिठावर चालतो, आणि मीठ किती पडलं हे सांगायला आपल्याकडे मीटरशिवाय दुसरं काही नसतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की टँकमधलं पाणी भराभर आटतं, मीठ मात्र तिथंच राहतं. त्यात मीटरही चुकत असेल तर कोरल (प्रवाळ) मिटून बसतात आणि आपण लाइटला, फिल्टरला दोष देत राहतो. म्हणून ही तपासणी उन्हाळा लागण्याआधीच, शक्यतो फेब्रुवारीत उरकावी.

आकडा कोणता हवा, ते आधी पक्कं करा. समुद्राच्या पाण्याचा खारेपणा सरासरी ३५ पीपीटी धरतात, म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. २५ अंश सेल्सिअसला याचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे साध्या पाण्याच्या तुलनेत घनता, १.०२६४ येतं.

बहुतेक जण रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा सांगणाऱ्या मीटरवर, साध्या पाण्याचा थेंब टाकतात, रेघ शून्यावर आणतात आणि काम झालं म्हणतात. माझ्या मते हे अर्धंच काम आहे. बाजारातल्या बऱ्याच रिफ्रॅक्टोमीटरची पट्टी समुद्राच्या पाण्यासाठी नाही, नुसत्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असते. शून्यावर नीट लावलेलं असं मीटर ३५ पीपीटीच्या सागरी पाण्याला साधारण ३६.५ दाखवतं. म्हणजे तुम्ही त्यावर बघून ३५ राखत असाल, तर टँकमध्ये प्रत्यक्षात ३३.५ च्या आसपासच खारेपणा असतो. जिथला आकडा आपल्याला हवा आहे, मीटर तिथंच तपासायला हवं.

त्यासाठी तपासणीचं द्रावण लागतं. ३५ पीपीटीचं तयार द्रावण विकत मिळतं, पण रिफ्रॅक्टोमीटरपुरतं ते घरीही करता येतं. ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम पाणी, मिळून बरोबर एक किलो. प्रकाश या द्रावणात जेवढा वळतो, तेवढाच ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्यात वळतो. स्वयंपाकघरातला काटा एक-एक ग्रॅमनंच मोजत असेल तर दुप्पट करा: ७३ ग्रॅम मीठ, १९२७ ग्रॅम पाणी. अर्ध्या ग्रॅमची चूक मग फारशी जाणवत नाही. इतवारीच्या सराफ्यात ओळखीचं दुकान असेल तर मीठ तिथल्या काट्यावर मोजून आणा, त्याहून चांगलं काही नाही. पाणीही वजनानंच घ्या, मापट्यानं नको.

मीठ रोजचं, पाकिटातलं बारीक घ्या. सैंधव, काळं मीठ किंवा खडे मीठ चालणार नाही. पावसाळ्यात मीठ ओल धरतं आणि त्या ओलीचंही वजन होतं, म्हणून कोरड्या कढईत मंद आचेवर थोडं परतून, झाकून गार होऊ द्या. पाणी म्हणून डिस्टिल्ड वॉटर घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं मिळतं ते चालतं, फक्त बाटलीवर ॲसिड लिहिलेलं नाही ना ते बघा. घरच्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असेल तर त्याच्या पाण्यात क्षार उरतात. शंभर टीडीएस म्हणजे जेमतेम ०.१ पीपीटी, त्यामुळे फार बिघडत नाही, पण द्रावण करताना तेवढंही नको.

आता तापमान, आणि नागपूरकरांनी इथं सगळ्यात जास्त लक्ष द्यावं. मीटरवर एटीसी लिहिलेलं असलं तरी ही तापमान-भरपाई बहुधा १० ते ३० अंशांपर्यंतच चालते. टँक चिलरनं २५ अंशांवर असेलही, पण थेंब काचेवर पडताच काचेचं तापमान घेतो. मे महिन्यात दुपारी खोलीत ३८-४० अंश असताना घेतलेल्या वाचनाला काही अर्थ नाही. मीटर, द्रावण आणि डिस्टिल्ड पाणी एकाच गार खोलीत तासभर ठेवा, मगच सुरुवात करा.

काच डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन मऊ कापडानं पुसा. आधी साधं पाणी टाकून रेघ कुठं येते ते फक्त लिहून ठेवा, स्क्रूला हात लावू नका. काच पुन्हा पुसा, द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका, झाकण हळूच टेकवा. खाली बुडबुडा दिसला तर उचलून परत टेकवा. अर्धा मिनिट थांबा आणि उजेडाकडे धरून बघा: वर निळं, खाली पांढरं, आणि दोन्ही मिळतात तिथं वाचन. पण फार वेळही थांबू नका. आपल्या कोरड्या हवेत झाकणाच्या कडेनं पाणी उडत राहतं आणि रेघ डोळ्यांदेखत वर सरकते. आता छोट्या स्क्रू ड्रायव्हरनं रेघ ३५ वर आणा. काच पुसून, नवे थेंब टाकून पुन्हा बघा. दोन-तीनदा सारखंच आलं की झालं. यानंतर साध्या पाण्याला रेघ शून्याच्या थोडी खाली गेली तरी घाबरू नका, ३५ वरच भरवसा ठेवा. प्रत्येक वेळी वेगळाच आकडा येत असेल तर मात्र मीटर बदला.

हायड्रोमीटरला हे द्रावण चालत नाही, कारण तो घनता मोजतो. त्यासाठी ३७.१ ग्रॅम मीठ आणि ९६२.९ ग्रॅम पाणी घ्या आणि २५ अंशांला १.०२६४ दिसतं का बघा. हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडे चिकटलेले नकोत. काचेच्या हायड्रोमीटरवर त्याचं तापमान छापलेलं असतं, ते आधी वाचा. डिजिटल पेन वीजवहन मोजतं, त्याला ५३ मिलिसीमेन्सचं तयार द्रावण विकत घेणंच बरं.

मीटर दुरुस्त झाल्यावर टँकचा खरा आकडा ३३ किंवा ३८ निघाला, तर एका दिवसात फार तर १ पीपीटी बदला. वाढलं असेल तर थोडं टँकचं पाणी काढून साधं आरओ पाणी घाला. कमी असेल तर आटलेलं पाणी दोन-चार दिवस मिठाच्या पाण्यानं भरून काढा. उरलेलं द्रावण घट्ट बुचाच्या बाटलीत भरा आणि बाहेरून पातळीची खूण करा. पाणी खुणेखाली गेलेलं दिसलं की ते ओतून द्या आणि नवं करा.