सीईटीचा कटऑफ बघताना या चुका टाळा

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) रिझल्ट लागला की सगळ्या ग्रुपवर एकच प्रश्न, "९२ पर्सेंटाइलला कुठलं कॉलेज मिळेल?" आणि लोक छातीठोकपणे नावं सांगूनही मोकळे होतात. अहो पण कॅटेगरी कुठली, बारावी कुठून केली, मुलगा की मुलगी, ब्रँच कुठली हवी, हे माहीत नसताना कोण सांगणार?

पहिली गडबड पर्सेंटाइलचीच. ते टक्के नाहीत. पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) समजा ४ लाख मुलं बसली तर ९० पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे साधारण ४० हजार, ९५ म्हणजे २० हजार आणि ९९ म्हणजे ४ हजार मुलं. म्हणजे "दोन पर्सेंटाइलनेच हुकतंय, पुढच्या प्रवेश फेरीला (राउंडला) होईल" असं म्हणताना मध्ये आठ हजार मुलं उभी असतात. त्यात बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते, म्हणून मेरिट लिस्ट लागली की मागच्या वर्षीच्या कटऑफमधल्या मेरिट नंबरशीही आपला नंबर ताडून बघा, सीईटी सेलच्या कटऑफच्या पीडीएफमध्ये दोन्ही आकडे असतात.

आता खरी मेख, त्या पीडीएफमधला कॉलम. माझ्या भाचीला ९३ च्या वर होते आणि तिने घराजवळचं चांगलं कॉलेज लिस्टमधून काढूनच टाकलं होतं, का तर कटऑफ ९६. मी पीडीएफ उघडायला लावली तर ते ९६ टीएफडब्ल्यूएसचे निघाले, म्हणजे ट्यूशन फी माफ असलेल्या सीटचे. त्या मोजक्याच असतात, त्यामुळे कटऑफ बहुतेक वेळा वरच जातो. तिचा कॉलम होता एल-ओपन-एच आणि तिथे ९२ होतं! दोन दिवस पोरगी उगाच रडत होती. तर सुरुवातीचा जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींसाठीच्या सीट, मध्ये कॅटेगरी, आणि शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (जिच्या भागात बारावी केली ती), ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे स्टेट लेव्हल. बारावी नागपूरला केली आणि पुण्यातल्या कॉलेजचा एचवाला कॉलम बघून खूश झालात तर तो आकडा तुमचा नाहीच. मुंबईत बरीच कॉलेजं मायनॉरिटीची (अल्पसंख्याक समाजाची) आहेत, तिथे सर्वांसाठीच्या सीट आधीच कमी असतात, तेही बघा.

राउंडही बघा. तिसऱ्या राउंडचा कमी कटऑफ एखाद-दुसऱ्या सुटलेल्या सीटचा असू शकतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

कागदपत्रांचं तर दरवर्षी होतं. नॉन क्रिमीलेयर सर्टिफिकेट किंवा जातीची व्हॅलिडिटी वेळेत दिली नाही की ओपनमध्ये टाकतात आणि मग ओबीसीचा कटऑफ बघून केलेला सगळा हिशोब वाया, त्यामुळे हे काम रिझल्टच्या आधीच उरका.

आणि ऑप्शन फॉर्म, म्हणजे हव्या त्या कॉलेजांची क्रमाने यादी! कितीतरी जण "तिथे लागणारच नाही" म्हणून मुंबईचं व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी अशी नावाजलेली कॉलेजं लिहीतच नाहीत. अरे, वर अवघड कॉलेज टाकल्याने खालच्या कॉलेजचा चान्स कमी होत नाही. सिस्टिम तुमच्या लिस्टमध्ये वरून खाली येते आणि तुमच्या मेरिटला जे पहिलं बसेल ते देते. म्हणून क्रम आवडीचा लावा, कटऑफचा नाही. कटऑफ बघायचा तो लिस्ट किती खाली न्यायची हे ठरवायला, आणि शेवटी चार-पाच तरी अशी कॉलेजं ठेवा जिथे तुमचा नंबर आरामात बसतो. फक्त वरच्या नंबरांना नको असलेलं काही टाकू नका, कारण २०२५ च्या नियमात पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन लागला की सीट ऑटो फ्रीझ, म्हणजे आपोआप पक्की झाली, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्याला पहिल्या सहापैकी कुठलाही लागला तरी तेच. मग बेटरमेंट (आणखी चांगल्या सीटसाठी थांबणं) नाही, पुढच्या राउंडला बसता आलं नाही. यंदाचे नियम सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत वाचा आणि मगच फॉर्म कन्फर्म करा.