काऊ शिवायचाय? आधी आठवडाभर गच्चीत बसा

कावळ्याचं काही बनवायचं म्हटलं की बहुतेक जण काळं फेल्ट कापतात, चोच लावतात आणि झालं, मग ते काळं कबूतर दिसतं. म्हणून सुई हातात घ्यायच्या आधी आठवडाभर रोज सकाळी गच्चीत बसा. आपण इंदूरवाले सकाळी पोहे खातोच, त्यातले चार दाणे शेव काढून कठड्यावर ठेवा, तो येतोच. मोबाईल लांब ठेवा, वहीत नुसत्या रेघा ओढा. मान वाकडी करून एका डोळ्याने बघतो ते, कडक पोळीचा तुकडा पाण्यात बुडवून मऊ करून खातो ते, तिरक्या उड्या मारत सरकतो ते. एवढ्या तीन पोझ जमल्या तरी पहिले ब्रोच, म्हणजे कपड्याला लावायच्या शोभेच्या पिना, निघतात.

आपल्या गल्लीत असतो तो घरकावळा, त्याची मान राखाडी. पूर्ण काळा आणि जाड चोचीचा तो डोमकावळा. दोघांची सरमिसळ करू नका, बघणाऱ्याला कळतं.

आता रंग. उन्हात नीट बघा, पंखावर निळी-जांभळी झाक असते. ती आणायला चमकी लावू नका हो, फार भडक होतं. काळ्या कापडावर काळ्याच रेशमी धाग्याने सॅटिन स्टिच करा, म्हणजे एकाला एक चिकटून लांब सरळ टाके, फक्त प्रत्येक पिसाला टाक्याची दिशा बदला, उजेड वेगवेगळा पडतो आणि झाक आपोआप येते, मध्येच एखादा टाका गडद जांभळा. मानेला राखाडी वेलवेट. डोळ्याला बारीक काळा मणी, पांढरं बुबुळ नको, कार्टून होतो.

पंखासाठी माझी लाडकी वस्तू म्हणजे महेश्वरी साडीची किनार. ती दोन्ही बाजूंनी वापरता येते, त्यामुळे पंख एकाच कडेने शिवून बाकी मोकळा सोडला तरी अस्तर लागत नाही. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंकडे कतरन मागून ठेवा, आणि साधं काळं कापड शीतलामाता बाजारात मिळून जातं.

खरी पिसं मात्र वापरायची नाहीत, सापडली तरी. २०२१ च्या सुरुवातीला इथे मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता, आठवत असेल.

उन्हाळ्यात कावळे घरटी बांधतात तेव्हा तर बघतच राहावं. काड्यांबरोबर तारेचे तुकडेसुद्धा उचलून नेतात, त्यावरून मी तांब्याच्या बारीक तारेचं घरटं विणून त्यात कापडी अंडी ठेवायला लागले. आणि कोकिळेचं पिल्लू! कोकिळा त्याच्या घरट्यात अंडं घालून जाते आणि हा बिचारा परक्याच्या पिल्लाला भरवत बसतो. काऊ आणि ते आ वासलेलं पिल्लू अशी जोडी बनवा, मला स्वतःला ही सगळ्यात जास्त आवडते.

"कावळा? घरात?" असं कोणीतरी म्हणणारच, माझी मावशी म्हणाली होती. मी तिला एवढंच म्हटलं, मावशी, पितृपक्षात याचीच वाट बघतो ना आपण, आणि लहानपणी एक घास चिऊचा, एक घास काऊचा म्हणत तूच भरवलंस. तिने दोन घेतले.

दुकानाचं म्हणाल तर मलाही हवंय, राजवाड्याजवळ एक छोटंसं, बाहेर लाकडी पाटी, आत फक्त पक्षी. पण भाडं भरायच्या आधी गणेशोत्सवात एखाद्या मराठी मंडळात टेबल लावून बघा. किंमत लावताना मेहनत सोडू नका. सामान ४० रुपये, २ तास काम तासाला १०० ने, डबी २० रुपये, म्हणजे २६० झाले, त्यात टेबलचं भाडं वाटून टाका. "घरीच तर बनवलंय" म्हणून कोणी १०० ला मागितलं तर हसून नाही म्हणा. वहीत लिहा कोणता काऊ आधी संपला, कोणता लोकांनी हातात घेऊन परत ठेवला, पुढच्या खेपेला आधी संपलेलेच बनवा. आणि डबी थोडी लांबट घ्या, नाहीतर शेपूट दुमडते.