कोलोगार्डचा डबा आणि वाया गेलेला पहिला नमुना

पंचेचाळिशी उलटली तशा इथल्या, न्यू जर्सीतल्या, आमच्या डॉक्टरीणबाई कोलोनोस्कोपीसाठी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं तपासतात ती) मागे लागल्या. मी टाळत राहिले. शेवटी म्हणाल्या, "मग निदान कोलोगार्ड तरी करा." म्हणजे घरीच शौचाचा नमुना डब्यात घेऊन प्रयोगशाळेत पाठवायची, आतड्याच्या कर्करोगाची चाचणी. 2022 मध्ये पांढरा खोका दारात आला, नवऱ्याला वाटलं, पुण्याहून बाकरवडी आली!

शौचात रक्त दिसत असेल, पूर्वी पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढणाऱ्या गाठी) निघाले असतील किंवा आई-वडील, भावंडांत कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर डब्याच्या भानगडीत पडू नका, सरळ कोलोनोस्कोपी करा. मूळव्याधीतून रक्त जातंय, पाळी चालू आहे, जुलाब होताहेत, तर थांबा.

पथ्य काही नाही. आधी लघवी उरकून घ्या, ती नमुन्यात जाता कामा नये. कमोडवर खोक्यातली चौकट बसवून तीत डबा ठेवा. नळीतल्या काडीने शौच खरवडून काडी नळीत परत घाला. ही नळी रक्त तपासायला. मगच खोक्यातल्या बाटलीतलं सगळं द्रव डब्यात ओता. झाकण घट्ट फिरवा. नळी आणि डबा, दोन्हींवर नाव, जन्मतारीख, नमुन्याची तारीख-वेळ लिहा. मी वेळ लिहिलीच नाही, सगळं पुन्हा करावं लागलं. नमुना ठरलेल्या मुदतीत (माझ्या वेळी 72 तास) प्रयोगशाळेत पोचायला हवा, म्हणून शनिवारी सकाळी मुहूर्त काढू नका.

डब्यातल्या शौचात आतड्याच्या गळलेल्या पेशींचा डीएनए असतो. पेशी बिघडू लागली की एनडीआरजी4 आणि बीएमपी3 या जनुकांवर मिथाइल नावाचे रासायनिक ठिपके चढतात. अक्षरं तीच, पण जणू चिकटपट्टी लावून झाकलेली. ते ठिपके, केआरएएस जनुकातले बदल आणि रक्त असं सगळं मिळून निकाल लागतो. (2024 मध्ये मंजूर झालेल्या नव्या आवृत्तीत जनुकं बदलली आहेत.) 2014 च्या मोठ्या अभ्यासात कर्करोग असलेल्या 100 पैकी 92 जण या चाचणीत सापडले, नुसतं रक्त शोधणाऱ्या चाचणीत 74. धोकादायक पॉलिप मात्र निम्म्याहून जास्त निसटले. आणि ज्यांना यातलं काहीच नव्हतं, त्यांतल्याही 13 टक्क्यांचा निकाल पॉझिटिव्ह आला.

त्या तेरांत मी. जी टाळायला डबा मागवला, ती कोलोनोस्कोपी करावीच लागली; काही निघालं नाही. निकाल पॉझिटिव्ह आला तर "पुन्हा एकदा डबाच करून बघू" म्हणू नका. कोलोनोस्कोपीची तारीख घ्या आणि घरी परत न्यायला कुणाला तरी सांगून ठेवा, भुलीनंतर गाडी चालवू देत नाहीत.