सहा जण, आठ भेटी: बातम्यांच्या कोड्यातल्या या चुका टाळा

कोडं असं आहे. सहा जणांकडे प्रत्येकी एक वेगळी बातमी आहे. एका वेळी दोघंच भेटतात आणि भेटले की तोवर कळलेलं सगळं एकमेकांना सांगून टाकतात. सहाही बातम्या सगळ्यांना कळायला कमीत कमी किती भेटी लागतील? गणितात याला 'गॉसिप प्रॉब्लेम' म्हणतात. उत्तर ८ आहे, पण बहुतेकांची गाडी ९ वर अडते, काहींची तर १५ वर.

१५ येतात ते सगळ्या जोड्या मोजल्यामुळे. ऐकलेली बातमी पुढे सांगता येते, हे तिथे विसरलं जातं. तेवढं लक्षात आलं की ही चूक सुटते.

९ ची चूक मात्र चिवट, कारण तिच्या पाठीशी एक खोटी सिद्धतासुद्धा उभी राहते. अ ला मध्ये बसवा. बाकीचे पाच जण एकेक करून त्याला भेटतात. पाचव्या भेटीनंतर अ आणि शेवटी आलेला, दोघांनाही सगळं माहीत. उरलेल्या चौघांना सांगायला आणखी ४ भेटी, एकूण ९. आता युक्तिवाद: पाचवी भेट होईपर्यंत कोणालाच सगळं कळू शकत नाही, हे खरं. पाचवीनंतर फार तर दोघांना कळतं, हेही खरं. 'त्यापुढे दर भेटीत एकच जण नव्याने पूर्ण होतो', इथे पाय घसरतो. अर्धवट माहिती असलेले दोघं भेटले आणि एकाकडे नसलेलं सगळं दुसऱ्याकडे असलं, तर एकाच भेटीत दोघंही पूर्ण होतात. नववी भेट वाचते ती इथेच.

चौघांवर करून बघा. अ-ब, क-ड, मग अ-क, ब-ड. चार भेटींत काम फत्ते. शेवटच्या भेटीत ब कडे अ-ब च्या बातम्या आहेत, ड कडे क-ड च्या.

ही युक्ती कळल्यावरही क्रमात घोळ होतो. अ-ब, ब-क, क-ड, ड-अ असं गोल फिरलात तर ब ला ड ची बातमी कधीच मिळत नाही. त्याच चार जोड्या अ-ब, क-ड, ब-क, ड-अ या क्रमाने घ्या, सगळं जमतं. म्हणून नुसती रेषांची आकृती काढू नका. प्रत्येकासाठी एक ओळ आखा आणि भेट झाली की दोघांच्याही ओळीत बातम्या भरा. अडलेला माणूस लगेच दिसतो. एखाद्या भेटीनंतर दोन्ही ओळींत काहीच नवीन आलं नाही, तर ती भेट सरळ खोडा.

सहा जण असतील तर इ आणि फ यांनी अ, ब, क, ड या चौकडीच्या चार भेटी सुरू होण्याआधी अ ला भेटायचं आणि त्या संपल्यावर पुन्हा एकदा. २ + ४ + २ = ८. फ ची पहिली भेट चौकडीनंतर ठेवली, तर त्याची बातमी ब, क, ड यांना कळवायला नव्या भेटी लागतात.

चार किंवा जास्त लोकांसाठी सूत्र आहे दुप्पट वजा ४. त्याहून कमी भेटींत भागत नाही, हे गणितज्ञ टायडेमन यांनी १९७१ मध्ये आणि हायनाल, मिल्नर, सेमेरेदी यांनी १९७२ मध्ये सिद्ध केलं. ते सूत्र तिघांना लावू नका: २ येतात, लागतात ३. आठ जणांच्या दोन चौकड्या केल्या तर बचतही दुप्पट होईल, ही आशाही फोल. ४ + ४, मग एका चौकडीतल्या प्रत्येकाने दुसरीतल्या एकेकाला भेटायचं, आणखी ४. एकूण १२, सूत्राने येतात तेवढ्याच.

प्रश्नही नीट वाचा. पत्रासारखा निरोप एकाच दिशेने जात असेल, तर दुप्पट वजा २ निरोप लागतात, म्हणजे सहा जणांना १०.

भेटी आणि फेऱ्या यांची गल्लत तर हमखास होते. एका फेरीत अनेक जोड्या एकाच वेळी भेटू शकत असतील, तर आठ जणांना ३ फेऱ्या पुरतात. त्याहून कमी चालत नाहीत, कारण सगळ्यात जास्त बातम्या असलेल्याकडचा आकडा एका फेरीत फार तर दुप्पट होतो. तिथे भेटीही नेमक्या १२ च भरतात, म्हणून दोन्ही प्रश्न एकच वाटू लागतात. १६ जण घ्या. कमीत कमी भेटी २८. पण ४ फेऱ्यांत संपवायचं तर दर फेरीत सगळ्यांनाच भेटावं लागतं, म्हणजे ३२ भेटी. वेळ वाचवायचा की भेटी, हे आधी ठरवूनच सोडवायला बसा.