दुचाकीला जीपीएस ट्रॅकर कसा बसवावा

ट्रॅकर आपली जागा उपग्रहांवरून ओळखतो, पण ती तुम्हाला कळवायला त्याला मोबाइल नेटवर्क लागतं. खोल समुद्रात ते नसतं, म्हणून मासेमारी बोटींवरचे ट्रान्सपॉन्डर (बोटीचं ठिकाण कळवणारी यंत्रं) निरोपही उपग्रहामार्फतच पाठवतात. पुण्यातल्या स्कूटरला तेवढा थाट नको. साधं वायरिंगचं यंत्र, एक सिम आणि तासभर वेळ पुरे. टॅक्सी किंवा प्रवासी बस असेल तर मात्र एआयएस 140 या सरकारी मानकाचंच यंत्र लागतं, हे साधं तिथे चालत नाही.

यंत्र आणि सिम. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन घेताना 4जी मॉडेल आहे ना, ते विचारा. स्वस्तातले बरेच ट्रॅकर फक्त 2जीवर चालतात आणि त्यात जिओचं सिम कामच करत नाही. सिम आधी फोनमध्ये घालून त्याचा पिन लॉक काढा, नेट चालू आहे का ते पाहा. मग ट्रॅकरमध्ये घालून माहितीपत्रकातल्या एसएमएसने एपीएन (सिम कंपनीच्या इंटरनेट जोडणीचं नाव) टाका. 123456 हा कारखान्यातला पासवर्ड त्याच वेळी बदला, नाहीतर नंबर माहीत असलेला कोणीही तुमच्या गाडीला हुकूम सोडेल.

गाडी उघडण्याआधी यंत्राला सुट्या 12 व्होल्ट बॅटरीवर जोडून गच्चीत ठेवा. पहिल्यांदा उपग्रह सापडायला काही मिनिटं लागतात. ॲपमध्ये ठिकाण बरोबर पण वेळ साडेपाच तास मागे दिसत असेल, तर यंत्र बिघडलेलं नाही. टाइम झोन भारताचा करायचा राहिलाय.

वायरिंग. बहुतेक यंत्रांत लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला आणि तिसरी किल्लीच्या वायरला जाते. ही तिसरी शोधण्यातच लोक चुकतात. गाडीतल्या वायरच्या रंगावर भरवसा ठेवू नका, मल्टीमीटर लावा. किल्ली चालू केल्यावर 12 व्होल्ट आणि बंद केल्यावर शून्य दाखवेल तीच वायर. ती सापडली की बॅटरीचं मायनस टर्मिनल आधी सोडा, मग जोडकामाला लागा. लाल वायरीत बॅटरीजवळच 1 किंवा 2 अँपिअरचा फ्यूज घाला. सांधे सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी) चढवा. नुसती काळी टेप एप्रिल-मेच्या उन्हात चिकट होऊन सुटते.

किल्लीची वायर जोडलीच नाही तर गाडी उभी आहे हे काही यंत्रांना कळतच नाही आणि ती झोपत नाहीत. सतत 25 मिलीअँपिअर ओढलं, तर दिवसाला 0.6 अँपिअर-अवर जातात. 5 अँपिअर-अवरच्या बॅटरीतून पाच दिवसांत 3 गेले. गावाहून परत आलात की सेल्फ नुसता कुरकुरतो. दोष बॅटरीवर ढकलून नवी घेण्याआधी ही वायर तपासा.

इंजिन बंद करणारा रिले सोबत आला तरी जोडू नका. सिंहगड रोडच्या गर्दीत चालती गाडी अचानक बंद पडली, तर चोरीपेक्षा महागात पडेल.

जागा. सीटखाली किंवा पुढच्या प्लास्टिक पॅनलमागे, अँटेनाची बाजू वर. प्लास्टिकमधून सिग्नल येतो, लोखंडी पत्र्यातून येत नाही. इंजिनची धग लागेल तिथे नको. कपलरचं (वायर जिथे यंत्राला जोडते त्या प्लगचं) तोंड खाली ठेवा आणि वायरला त्याखाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलाच्या टोकावरून टपकेल. वॉशिंग सेंटरवाल्याला पाण्याचा फवारा तिथे मारू देऊ नका.

सेटिंग. गाडी चालू असताना दर 20 ते 30 सेकंदांनी नोंद, उभी असताना तासाला एक. बिबट्याच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याला तर चार्जिंगच नाही, तिथे नोंदी काही तासांच्या अंतराने घेतात. तरी 2009 साली माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या मुंबईपर्यंत चालत गेला, ते पट्ट्यामुळेच कळलं. तुमच्या गाडीला इतकी कंजुषी नको, पण दर 5 सेकंदांचा हावरटपणाही नको.

जिओफेन्सचं वर्तुळ, म्हणजे गाडी ज्याच्या बाहेर गेली की अलर्ट येतो ते, 150 ते 200 मीटरचं ठेवा. पेठांतल्या अरुंद गल्ल्यांत सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि उभी गाडी नकाशावर इकडेतिकडे सरकते. वर्तुळ 30 मीटरचं केलंत, तर रात्री दोनला फोन वाजेल आणि चार दिवसांत तुम्हीच अलर्ट बंद कराल. तळघरातल्या पार्किंगमध्ये उपग्रह दिसत नाहीत. काही यंत्रं तिथे मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतात, तो शेकडो मीटरने चुकू शकतो. ताम्हिणी घाटात नेटवर्क गेलं तर चांगलं यंत्र नोंदी साठवून पुढे पाठवतं.

शेवटची चाचणी. किल्ली बंद करून बॅटरीची लाल वायर सोडा. ‘वीज तुटली’ हा अलर्ट मिनिटभरात आला पाहिजे, कारण माहीतगार चोर आधी तीच तोडतो. आला नाही, तर ट्रॅकरच्या आतली छोटी बॅटरी मेलेली आहे किंवा अलर्ट सुरू केलेला नाही. गाडी खरंच हलली तर 112 वर फोन करून लाइव्ह लोकेशन पोलिसांना द्या. नकाशा बघत स्वतः मागे जाऊ नका.